मनोविकारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताय? आधी पहिल्या सहा आठवड्यांचं बोलू

आईची झोप उडाली तेव्हा आम्ही सगळ्यांत आधी गादी बदलली. मग उशी. मग संध्याकाळचा चहा बंद केला. पुढच्या चार महिन्यांत फॅमिली डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, पोटाचे डॉक्टर असा फेरा झाला. ईसीजी, टूडी एको, एंडोस्कोपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘नॉर्मल आहे’ हे ऐकून तिला रडू यायचं, कारण छातीतली धडधड तर होतच होती. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली आणि ती चिठ्ठी आणखी तीन आठवडे फ्रीजवर चुंबकाखाली लटकत राहिली. पुण्याकडे वाढलेल्यांनी ‘याला येरवड्याला पाठवा’ ही थट्टा लहानपणापासून ऐकलेली असते. मुंबईकर ‘ठाण्याला’ म्हणतात. सरकारी मनोरुग्णालय ज्या गावात, त्या गावाच्या नावाचीच शिवी झाली.

त्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या बऱ्याच जणांसोबत मी अशा दवाखान्यांच्या बाकांवर बसले आहे. मी डॉक्टर नाही. सोबत जाणारी बाई आहे. आणि सोबत जाऊन जाऊन माझ्या लक्षात आलं की गाडं दवाखान्याच्या दारात अडतं त्यापेक्षा जास्त वेळा ते घरी आल्यावर अडतं. लोक गोळ्या सोडतात ते साधारण दुसऱ्या आठवड्यात. तोवर औषधाचा त्रास सगळा भोगून झालेला असतो आणि गुण मात्र अजून यायचा असतो. म्हणून हा लेख, मुख्यतः नैराश्य आणि चिंता यांच्यासाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांकरता.

जायचं कधी

डॉक्टर लोक नैराश्यासाठी दोन आठवड्यांची रेघ धरतात. दिवसाचा बराचसा वेळ मन उदास, किंवा ज्यात पूर्वी रस होता त्यात काहीच गोडी नाही, आणि सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष, स्वतःबद्दलचं मत यांतलं बरंच काही बिघडलेलं, असं सलग दोन आठवडे चाललं तर जायचं. घरात कोणी गेलं असेल तर दुःख असतंच, त्याला आजार म्हणायची घाई नको. पण तेराव्यानंतर दोन-तीन महिने होऊनही माणूस आंघोळीला उठत नसेल तर विचारायला हरकत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. ‘मन उदास आहे’ असं आपण म्हणतच नाही. आपण म्हणतो डोकं जड झालंय, हातापायांत बळ नाही, छातीत कसंतरी होतंय, घास गिळवत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. शरीराच्या या तक्रारी खऱ्या असतात, नाटक नसतं. म्हणून आधी शरीर तपासून घेणंही बरोबरच. थायरॉइड मंदावलं, बी-१२ कमी झालं, हिमोग्लोबिन उतरलं की माणूस हुबेहूब नैराश्यातल्यासारखा दिसू शकतो. पॅनिक अटॅकमध्ये घाम, धडधड, आता आपण मरणार अशी खात्री, हे सगळं हार्ट अटॅकसारखंच वाटतं. पहिल्या वेळी ईसीजी काढावाच. चौथ्यांदा काढायची वेळ आली की मात्र दुसऱ्या दाराकडे वळावं.

काही गोष्टींना दोन आठवडे थांबायचं नसतं. कानात कोणी बोलल्यासारखे आवाज येणं, घरचेच विष घालतायत असा संशय, तीन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात अफाट उत्साह आणि पैशांची उधळपट्टी, बाळंतपणानंतर काही दिवसांत बाई एकदम वेगळीच वागू लागणं, मरणाची भाषा. यात त्याच दिवशी जायचं. आणि एक उलटा सल्ला: म्हातारं माणूस एका-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागलं, माणसं ओळखेना झालं, तर आधी साध्या हॉस्पिटलात न्या. लघवीतला संसर्ग, सोडियम घसरणं, डोक्याला मार अशी कारणं बऱ्याचदा निघतात.

कोणाकडे

सायकिॲट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. आधी एमबीबीएस, मग या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. औषध हेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. ते चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती बघून घ्या. समुपदेशक ही पाटी मात्र आपल्याकडे कोणीही लावतं, तेव्हा शिक्षण विचारायला संकोच करू नका. न्यूरॉलॉजिस्ट फिट, पक्षाघात, कंपवात वगैरे बघतात.

खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, नाहीतर तालुक्याहून दीडशे रुपये खर्चून जायचं आणि ‘ती सोमवारी असते’ ऐकून परत यायचं. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे गेलं म्हणजे आत ठेवून घेतात हा समज काढून टाका. केस पेपर काढायचा, दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, एसटीने घरी यायचं.

आणि जायचं की नाही हेच ठरत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

देवऋषाचं काय? आमच्या मावशीने आईसाठी अंगारा आणला होता. आम्ही तो लावला आणि दवाखान्यातही गेलो. या मुद्द्यावर घरात भांडण पेटवून पेशंटचा जीव आणखी घाबरा करण्यात अर्थ नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, साखळी, ‘गोळ्या बंद करा मगच गुण येईल’ असली अट, यांपैकी काही आलं की मात्र तिथून उठायचं. साखळीने बांधून ठेवायला कायद्यानेच बंदी आहे.

जाण्याआधी एक वही करा

दुकानात मिळते ती साधी शंभर पानी. पहिल्या पानावर: त्रास कधीपासून, त्याआधी काय घडलं होतं, झोप किती वाजता लागते आणि किती वाजता मोडते, वजन किती उतरलं, कोणती कामं सुटली. दुसऱ्या पानावर चालू असलेली सगळी औषधं. सगळी म्हणजे बीपीची, शुगरची, संततिनियमनाची, आयुर्वेदिक काढे, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली ती वेदनाशामकसुद्धा. नैराश्याच्या काही गोळ्या आणि वेदनाशामक एकत्र झाल्या तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. नावं लिहायचा कंटाळा असेल तर पाकिटांचे फोटो काढा.

तिसरं पान अवघड. दारू किती, तंबाखू-मिश्री किती, हे खरं लिहायचं. आणि घराण्यात कोणाला काय झालं होतं. आमच्याकडे आईचे एक काका ‘विहिरीत पाय घसरून’ गेले अशी साठ वर्षांची कथा होती. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईच म्हणाली, “घसरून नव्हते गेले.” आम्ही भावंडांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

पेशंटला काय सांगून न्यायचं? मी आईला ‘बीपी दाखवायला जाऊ’ असं सांगून नेलं. तिने दारावरची पाटी वाचली आणि तासभर माझ्याशी बोलली नाही. माझ्यासारखं करू नका. “तुझी झोप आणि काळजी यावरचे डॉक्टर आहेत, एकदा बोलून तर बघू, पटलं नाही तर परत येऊ,” एवढं खरं पुरतं.

आत गेल्यावर

सिनेमात असतो तसा लांब कोच नसतो. टेबल, दोन खुर्च्या, बीपीचं यंत्र. खासगीत पहिल्या भेटीला अर्धा-पाऊण तास मिळतो, सरकारी ओपीडीत गर्दीप्रमाणे कमी. वही तिथे जास्तच कामाला येते.

प्रश्न कधीकधी विचित्र वाटतात. आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा, सकाळी जास्त त्रास होतो की संध्याकाळी. सकाळी जास्त, पहाटे लवकर जाग, हा नैराश्याचा एक ओळखीचा नमुना आहे, म्हणून ते विचारतात. मधेच सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगतात. मुकाट्याने बसा. सुनेसमोर सासू आणि आईसमोर मुलगा काय बोलणार? ‘जीव द्यावासा वाटतो का’ हे तर थेटच विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं, की चला, कोणीतरी विचारलं. आत सांगितलेलं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे; जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर.

एमआरआय काढा म्हणून हट्ट धरू नका. नैराश्य दाखवणारा स्कॅन किंवा रक्ताची चाचणी अजून नाही. स्कॅन सांगतात ते दुसरं काही, गाठ वगैरे, नाही ना हे बघायला.

उठण्याआधी चार गोष्टी विचारून वहीत लिहा: आजाराचं नाव काय, गोळी कधी आणि जेवणाआधी की नंतर, पहिल्या पंधरवड्यात काय त्रास होऊ शकतो, आणि मधे काही झालं तर फोन कोणाला करायचा.

डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं

मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा. शरीराच्या वजनाच्या सुमारे २%, पण शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला २०% वाटा एकटा खातो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. गंमत अशी की या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. बहुतेक ठिकाणी दोघींच्या मधे एक फट असते, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी बारीक. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते पकडते, निरोप पोचतो, आणि उरलेलं रसायन पहिली पेशी परत ओढून घेते. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रिनॅलिन ही त्या निरोप्यांची नावं.

भीतीची घंटा वाजवणारा एक बदामाच्या आकाराचा भाग आहे, अमिग्डाला. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ती घंटा ऐकून ठरवतो की खरंच चोर आहे की मांजराने भांडं पाडलं. चिंतेच्या आजारात घंटा सतत वाजते आणि तपासणारा थकलेला असतो. घंटेची तार थेट शरीराकडेही जाते, म्हणून धडधड, घाम, पोटात गोळा, पुन्हापुन्हा लघवीला. आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते ते यामुळे. हृदय धडधाकट होतं. त्याला पळायचे हुकूम मिळत होते.

आता गोळीकडे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गटाला एसएसआरआय म्हणतात. फटीतलं सेरोटोनिन परत ओढून घेण्याचं काम त्या रोखतात, म्हणून ते तिथे जास्त वेळ टिकतं. हे काही तासांत सुरू होतं. मग बरं वाटायला आठवडे का लागतात?

कारण पलीकडची पेशी एवढ्या निरोपांना तयार नसते. ती आपली ग्रहणकेंद्रं कमी-जास्त करते, पहिली पेशी आपला वेग बदलते, नवे जोड फुटतात, आणि हे सगळं बांधकामासारखं सावकाश चालतं. ‘सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं’ हे सोपं वाक्य अजून खूप ठिकाणी ऐकू येतं, पण एवढं सरळ गणित आता जाणकार मांडत नाहीत. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला होता असं होत नाही. आनुवंशिकता, लांबलेला ताण, झोप, शरीराचे आजार, गरिबी, मारझोड, एकटेपण यांचं मिळून ते होतं, आणि गोळी त्या गुंत्याचं एक टोक हाताला देते.

मुळात नैराश्यावरची पहिली औषधं सापडली तीच अपघाताने. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं आणि मलूल पडलेली माणसं हसू-खेळू लागली. दुसरा धागा आपल्याकडचा. सर्पगंधा ही मुळी वेडेपणावर म्हणून भारतात पूर्वापार देत आले होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं, १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्या मुळीतून रिझर्पिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबासाठी रिझर्पिन घेणारे काही जण खोल उदास होऊ लागले, आणि ते मेंदूतली हीच रसायनं रिकामी करतं असं दिसलं. इप्रोनियाझिड नेमकं उलट, ती वाढवतं. उदासीचा या रसायनांशी काहीतरी संबंध आहे ही शंका अशी दोन्ही बाजूंनी आली. मेंदूच्या विज्ञानात रानातल्या मुळीचा एवढा हात असेल असं मला वाटलं नव्हतं.

सहा आठवडे, एकेक करून

पहिला आठवडा सगळ्यांत खडतर. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, तोंड कोरडं, कधी झोप जास्त, कधी उडालेली, कधी चिंता होती त्याहून वाढलेली. मळमळीचं कारण ऐकलं की जरा धीर येतो: शरीरातलं सुमारे ९०% सेरोटोनिन डोक्यात नसून आतड्यांत असतं, त्यामुळे गोळीची पहिली चाहूल पोटाला लागते. जेवणानंतर घेतल्याने फरक पडतो. बरेच डॉक्टर म्हणूनच अर्ध्या गोळीने सुरुवात करतात. ‘अर्धीने काय होणार’ म्हणून स्वतःच पूर्ण घेऊ नका.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे या दिवसांत विशेष लक्ष हवं. क्वचित अस्वस्थता आणि मरणाचे विचार सुरुवातीला वाढतात. असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा. साठीपुढच्या माणसांत, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गुंगी, बरळणं, तोल जाणं ही त्याची खूण.

दुसरा आठवडा. पोट बहुतेक जागेवर आलेलं असतं, मन जिथल्या तिथे. इथेच शेजारच्या काकू येतात आणि म्हणतात, “अगं, या गोळ्यांची सवय लागते हो.” इथेच पेशंट म्हणतो, काही उपयोग नाही. आई म्हणाली होती, “पैसे वाया चाललेत.” वहीत एक ओळ रोज लिहायला लावा: झोप किती तास, जेवण किती, आज काय केलं. कारण फरक पडायला लागतो तो पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतो. झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून येतं. आमच्या वहीत बाराव्या दिवशी लिहिलंय, ‘दोन भाकऱ्या.’ आईला स्वतःला तेव्हा काहीच बरं वाटत नव्हतं.

तिसरा-चौथा आठवडा. साधारण इथे दुसरी भेट असते. डोस वाढवायचा का ते ठरतं. लैंगिक इच्छा कमी होणं हा या गोळ्यांचा नेहमीचा आणि कधीच न सांगितला जाणारा त्रास आहे. नवराबायको दोघंही गप्प बसतात आणि एक दिवस गोळ्या कचऱ्यात जातात. सांगा. औषध बदलता येतं, डोस बदलता येतो.

पाचवा-सहावा. पूर्ण डोसवर चार ते सहा आठवडे होऊनही काहीच हललं नाही, तर ते औषध या माणसाला लागू नाही असं समजून डॉक्टर दुसरं देतात. पहिल्याच औषधाने सगळ्यांना गुण येत नाही, दुसरं लागणारे पुष्कळ असतात. यात डॉक्टर चुकले असंही नाही आणि आजार असाध्य आहे असंही नाही. कोणाला कोणती गोळी मानवेल हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी अजून हाताशी नाही, त्यामुळे थोडं करून बघावंच लागतं.

सुरुवातीला देतात त्या झोपेच्या गोळीविषयी

मुख्य गोळीला वेळ लागतो म्हणून पहिले काही आठवडे क्लोनाझेपाम किंवा तसलं काही रात्री देतात. ही गोळी त्याच रात्री काम करते. धोका इथे आहे. पेशंटला वाटतं, खरं औषध हेच. मग मुख्य गोळी सुटते आणि ही धरून ठेवली जाते, जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणली जाते. काकू म्हणतात ती सवय लागते या गटाची. दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर असल्याने बदनामी मात्र दोघींची होते. ही किती दिवस घ्यायची ते पहिल्याच भेटीत विचारा आणि पाकिटावर तारीख घाला. कोणी आधीच वर्षभर घेत असेल तर एका रात्रीत बंद करू नका, फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर पावपाव करून उतरवतात. दारूबरोबर तर अजिबात नाही.

बोलण्याचा उपचार

सौम्य त्रासात नुसत्या बोलण्यानेही भागतं, मध्यम-तीव्र त्रासात दोन्ही मिळून चांगलं चालतं. आणि त्यासाठी फार मोठी पदवी लागते असंही नाही, हे गोव्यातच दिसून आलंय. संगात या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्र न शिकलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांकडून नैराश्याच्या पेशंटशी सहा ते आठ बैठका करून घेतल्या. पद्धत साधी: मन लागेल तेव्हा काम करू असं न म्हणता, आधी ठरवून छोटी छोटी कामं करायची, मन मागून येतं. गुण आला, आणि ते २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरीही करता येतं. आमच्याकडे पहिलं काम होतं, संध्याकाळी तुळशीला पाणी. फक्त तेवढंच.

घरातल्यांनी काय बोलू नये

‘मन घट्ट कर.’ ‘तुला कमी काय आहे?’ ‘आम्ही काय काय सोसलं.’ ‘योगा कर.’ यातलं शेवटचं चांगल्या मनाने म्हटलेलं असतं, पण अंथरुणातून उठवत नसलेल्या माणसाला ते वाढीव ओझं होतं. त्याऐवजी जवळ बसून भाजी निवडा. “चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ” म्हणा आणि खरंच कोपऱ्यापासूनच परत फिरा. गोळ्या एकाने सांभाळायच्या, पण पोलिसासारखं ‘घेतलीस का’ दहादा विचारायचं नाही. लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल, हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

मरणाची भाषा असेल तर

सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतोय का? कसा, ते ठरवलंयस का?” हो म्हटलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग, किंवा १४४१६. घरातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. शेतकरी घरात हे पहिलं काम. ती लाट बरेचदा काही तासांची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं आहे.

याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही. आपण बोलायच्या स्थितीत नसलो तर आपल्या वतीने कोणी ठरवायचं ते नाव आधी लिहून देता येतं. आणि शॉकबद्दल: आता तो भूल देऊन, स्नायू शिथिल करूनच देतात, भुलीशिवाय द्यायला बंदी आहे. खाणंपिणं सुटलेल्या, जिवावर उठलेल्या नैराश्यात तो फार कामाचा ठरतो. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, हेही डॉक्टर आधी सांगतात. पहिल्या भेटीत त्याचा विषय बहुधा निघतही नाही.

बंद कधी करायच्या

बरं वाटलं की लगेच नाही. पहिल्याच वेळचं नैराश्य असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, वारंवार येणारं असेल तर त्याहून जास्त. मग हळूहळू उतरवतात. एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड असं काही दिवस होतं. त्याला लोक ‘बघा, सवय लागली’ म्हणतात, पण गोळीसाठी जीव कासावीस होणं, डोस आपोआप वाढवत नेणं असलं व्यसनाचं काही त्यात नसतं. उतरवायला सुरुवात करताना घरात लग्न, परीक्षा, घर बदलणं असलं काही नसेल असा महिना निवडा. आईच्या वेळी डॉक्टरांनी कॅलेंडर मागवलं, दिवाळी आणि भाचीचं लग्न टाळून फेब्रुवारीतली एक तारीख काढली.

त्या तारखेपुढे वहीत आईच्याच अक्षरात आहे: ‘आजपासून अर्धी. झोप लागली. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवून उठवलं.’